पंचेचाळीस मिनिटांची बाजू

बुधवार, १४ मे २०२५. सकाळी सव्वादहा वाजता विलास माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तीसहून अधिक वर्षे तो याच रस्त्याने जात-येत होता आणि दुकानाकडे पाहत नव्हता. त्या दिवशी त्याने चप्पल पायरीखाली काढली आणि विचारले, "नाना, रेकॉर्डी गेल्या का हाईत अजून?"

मी म्हणालो, "दुपारी जाणार आहेत."

तो आत आला.

या अंकाच्या संपादकांनी मला एक प्रश्न पाठवला होता. रॉक बँडांच्या लागोपाठच्या दोन अल्बमांच्या सर्वोत्तम जोड्या कोणत्या, असा तो प्रश्न. अशा प्रश्नांची उत्तरे हल्ली पुष्कळ लोक देतात. मला वेगळे काही सांगता येईल असे वाटत नाही. परंतु जोड्या लावणे हा एके काळी माझा व्यवसाय होता, आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय माझे उत्तर कोणाला समजणार नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझे कॅसेट भरून देण्याचे दुकान होते. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणून देई किंवा माझ्याकडून घेई. मी तिच्यावर रेकॉर्डवरून गाणी उतरवून देत असे. हा व्यवसाय कायद्यात बसत नव्हता. ते मला ठाऊक होते, गिऱ्हाइकांनाही ठाऊक होते. इंग्रजी रेकॉर्डी कोल्हापुरात दुसऱ्या मार्गाने येणारच नव्हत्या. माझा मेव्हणा मुंबईच्या गोदीत कामाला होता. खलाशी उतरताना त्याला रेकॉर्डी विकत आणि तो त्या एसटीच्या पार्सलने माझ्याकडे पाठवत असे.

सिनेमाची गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरली जात. इंग्रजीसाठी नव्वदची लागे. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. एक रेकॉर्ड साधारण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांची असते, म्हणजे एका बाजूवर एक पूर्ण अल्बम बसतो. उरलेल्या बाजूवर काय भरायचे, हा प्रश्न प्रत्येक कॅसेटला येतो. बहुतेक गिऱ्हाइके म्हणत, दुसऱ्या बाजूला हिट-हिट काहीतरी भरा. मी भरत नसे. माझा नियम होता: एका बाजूवर एक अल्बम, दुसऱ्या बाजूवर त्याच बँडचा त्याच्या पुढचा. ज्याला हे मान्य नसेल त्याने दुसरे दुकान पाहावे. दुसरे दुकान समोरच होते.

नियमामागे कारण होते. पहिला अल्बम चांगला निघणे हा अपघात असू शकतो. त्यानंतरचाही चांगला निघाला तर ते काम असते. कॅसेट उलटी केली की बँड एका वर्षात काय शिकला आणि काय विसरला, ते ऐकू येते. तिसऱ्या अल्बमापर्यंत बहुतेक बँडांना स्वतःचे नाव ऐकू येऊ लागलेले असते, म्हणून जोडी दोन अल्बमांचीच बरी.

बँडांची इंग्रजी नावे मी येथे देत नाही. आमच्याकडे त्यांना त्या नावांनी कोणी ओळखत नव्हते. रेकॉर्डीच्या वेष्टनावर जे चित्र असेल ते नाव पडे.

घोंगडीवाल्यांची जोडी मी पहिल्यांदा सांगतो. वेष्टनावर एक माणूस डोक्यावरून घोंगडी घेऊन बसलेला होता. पहिला अल्बम म्हणजे चार जणांनी एकाच वेळी बोलणे. दुसऱ्यात तेच चौघे, तीच वाद्ये, परंतु एक वाजवत असताना बाकीचे तीन थांबायला शिकलेले. ही जोडी पेठ वडगावच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने नेली. त्याला सगळे आण्णा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढचे, पांढरी टोपी, आणि पुतण्याच्या खोलीतून ऐकलेली दुसरी बाजू डोक्यात बसलेली. त्याची मागणी होती की दुसराच अल्बम दोन्ही बाजूंवर भरून द्यावा.

"पैली बाजू म्हंजे भांडण हाय," तो म्हणाला. "दुसरी बाजू म्हंजे मिटलेलं भांडण. मला मिटलेलं पायजे. भांडण काय, घरात हायच की."

मी त्याला सांगितले की भांडण ऐकल्याशिवाय काय मिटले ते कळत नाही. तो म्हणाला, पावणं, तुम्ही दुकान चालवता का शाळा? आणि निघून गेला. दोन आठवडी बाजारांनंतर परत आला आणि माझ्या नियमाप्रमाणे भरलेली कॅसेट घेऊन गेला. पुढे कधी भेटला की पहिल्या बाजूबद्दलच बोलत असे. दुसरी आता गोड लागते म्हणाला. गुळाच्या व्यापाऱ्याकडून ती तक्रार आहे हे मला समजायला वेळ लागला.

दुसरी जोडी बोगदेवाल्यांची. ती कसबा बावड्याला राहणाऱ्या, साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या एका गृहस्थाने नेली. पहिल्या अल्बमची सुरुवात यंत्राच्या आवाजाने होते, दुसऱ्याचा शेवट त्याच यंत्राच्या थांबण्याने. गृहस्थ गाळपाच्या हंगामात ही कॅसेट प्रयोगशाळेत लावत. हंगाम सुरू झाला की पहिली बाजू, हंगाम संपत आला की दुसरी, असा त्यांचा क्रम होता. मला वाटते, इतक्या नीटपणे ती जोडी त्या बँडनेही ऐकली नसेल. त्यांनी माझ्याकडून जवळजवळ सगळ्या जोड्या भरून नेल्या. प्रत्येक कॅसेटचे कार्ड मी माझ्या हाताने लिहीत असे, काळ्या शाईत.

ते वारल्यावर काही महिन्यांनी एक भंगारवाला माझ्या दुकानात पोते घेऊन आला आणि त्याने ते जमिनीवर ओतले. तुमच्या कामाचं हाय बघा, म्हणाला. सगळी कार्डे माझ्या अक्षरातली होती. मुलांनी खोली रिकामी केली होती. मी त्याला पोते पुन्हा भरायला सांगितले आणि घेऊन जायला सांगितले. हा व्यवसाय समजून घ्यायचा असेल तर ते पोते समजून घ्यावे.

आता तिसरी जोडी. वेष्टनावर गवतात ठेवलेली एक रिकामी खुर्ची, पुढच्या अल्बमावर तीच खुर्ची आडवी पडलेली. गिऱ्हाइके येऊन म्हणत, खुर्च्या भरून द्या. कोल्हापुरात या दोन अल्बमांना दोन नावे आहेत हेच कित्येकांना माहीत नव्हते. त्यांच्या लेखी तो एकच मोठा अल्बम होता, मध्ये कॅसेट उलटावी लागते इतकेच.

या जोडीत एक अडचण होती. आडव्या खुर्चीचा अल्बम सत्तेचाळीस मिनिटांहून थोडा जास्त होता. फीत आधी संपे, शेवटचे गाणे पुढे राही. अशा वेळी भरणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात. एक, मधले एखादे गाणे गाळणे. दोन, रेकॉर्ड किंचित जलद फिरवणे. मग सगळे बसते, पण सूर चढतो. तीन, फीत संपेल तेथे गाणे तुटू देणे. समोरचा दुकानदार गाणे गाळत असे. मी तुटू देत असे. जे आहे ते खरे असावे, अपुरे असले तरी चालेल, असे माझे मत होते आणि आहे. मात्र अशा कॅसेटच्या कार्डावर मी लाल शाईने लिहीत असे: शेवट अपुरा. लाल पेन त्या एकाच कामासाठी ठेवलेले होते.

विलास उद्यमनगरात एका फाउंड्रीत पॅटर्न बनवणारा होता. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. त्यात केसाएवढी चूक चालत नाही. असा हात असलेल्या तरुणाने सागवानात स्वतःची गिटार कोरली होती. त्याच्याबरोबर एक ड्रम वाजवणारा आणि एक बेस गिटारवाला, दोघेही त्याच भागातले. तालीम पॅटर्नशॉपमध्ये, पाळी सुटल्यावर. तिघांनाही नोटेशन येत नव्हते, इंग्रजी जेमतेम येत होते. कॅसेट लावायची, थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा लावायची. खुर्च्यांची जोडी त्यांनी अशी दोन्ही बाजूंनी बसवली होती.

एका संध्याकाळी विलासने मला तालमीला बोलावले. पुण्याच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. जिंकणाऱ्या बँडचे मुंबईत रेकॉर्डिंग होणार होते, आणि विलासने मालकाला सांगून टाकले होते की निकाल लागला की तो काम सोडेल. घरच्यांना सांगितले नव्हते. मला मात्र सांगितले.

मी लाकडाच्या भुशात एका खोक्यावर बसून ऐकले. ते चांगले वाजवत होते. आडव्या खुर्चीचे शेवटचे गाणे आले. गाणे चढत गेले आणि एका ओळीच्या मध्यावर, जेथे कोणी थांबण्याची अपेक्षा करणार नाही तेथे, तिघेही एकाच क्षणी थांबले. ड्रमवाल्याने झांज हाताने धरली. त्यानंतर काही नाही. अशी एकदम आलेली शांतता मी कोणत्याही रेकॉर्डीवर ऐकलेली नव्हती. मूळ गाणे मला पूर्ण माहीत होते. मला वाटले, मूळ शेवट नापसंत पडल्यामुळे या पोरांनी स्वतःचा केला आहे. माझ्या मते तो बरोबर होता.

मी म्हणालो, "बरं आहे." आणि घरी आलो.

पुण्यात काय झाले ते मला ड्रम वाजवणाऱ्याकडून कळले. गाणे थांबल्यावर सभागृह वाट पाहत राहिले. तिघांचेही हात थांबलेले. मग परीक्षकांपैकी एकाने माइक ओढून घेऊन विचारले, "काय हो, कोल्हापुरात लाइट गेली काय?" आणि सगळे हसले. कोणीतरी उठून पुढचे राहिलेले गाणे तोंडाने म्हणून दाखवले. विलासला तेव्हा समजले की पुढे काही आहे.

ही चूक दुसऱ्या कोणत्या गावच्या पोरांकडून झाली असती असे मला वाटत नाही. फीत संपते तेथे गाणे संपते, हे त्यांनी पॅटर्नसारखे हुबेहूब उतरवले होते.

तो परत कामावर गेला. फाउंड्रीत तोवर बातमी पोचली होती. एखादे यंत्र मध्येच बंद पडले की कोणीतरी ओरडे, विलासचं गाणं संपलं रं. हे पुष्कळ दिवस चालले.

त्या काळात तो एकदाच माझ्या दुकानात आला. काउंटरवर कॅसेट ठेवली आणि विचारले, "शेवट का तोडलासा?"

मी म्हणालो, "कार्डावर लिहिलेलं आहे."

"माझ्याकडं कार्ड न्हाय."

मी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. डबी होती, कार्ड नव्हते. त्या कंपनीची फीत मी वापरत नसे. समोरच्या दुकानदाराने गाणे गाळण्याचे कष्टही न घेता माझी कॅसेट कोठून तरी मिळवून तिच्यावरूनच नकला काढल्या होत्या. गाण्यांची नक्कल होते, लाल शाईची होत नाही.

मी म्हणालो, "ही कॅसेट माझी नाही."

ते खरे होते. तो कॅसेट उचलून गेला.

त्यानंतर सीडी आली, पाठोपाठ फोन आले. समोरचे दुकान मोबाइलच्या कव्हरांचे झाले. मी अँप्लिफायर दुरुस्त करू लागलो आणि रेकॉर्डी मागच्या मांडणीवर राहिल्या. या वर्षी जागामालकाने इमारत पाडायची ठरवली. पुण्याचा एक तरुण रेकॉर्डी घ्यायला तयार झाला. तो कॉफीचे दुकान काढणार आहे. फोनवर त्याने वेष्टनांच्या अवस्थेबद्दल बरेच विचारले. रेकॉर्डी वाजतात का, हे विचारले नाही.

तो रेकॉर्डी न्यायला येणार होता, त्याच दिवशी सकाळी विलास आला. आता साठीला टेकलेला, केस पांढरे, उजव्या हाताचे एक बोट अर्धे. त्याचे स्वतःचे पॅटर्नशॉप आहे. मुलगा संगणकावर चालणारी यंत्रे चालवतो.

"ते गाणं पुरं ऐकायचं हाय," तो म्हणाला.

मी त्याला सांगितले की ते फोनवर एका क्षणात मिळते.

"नात म्हणाली, आजोबा लावू का. म्या नको म्हटलं. ज्या रेकॉर्डीवरनं भरलं, तिच्यावरच ऐकायचं."

रेकॉर्डप्लेअर मी आदल्या दिवशी सोडवून खोक्यात भरला होता. तो बाहेर काढला. आतला पट्टा सैल पडला होता. नवा घातला, वेग तपासला, स्पीकर जोडले. यात तासभर गेला. विलास स्टुलावर बसून माझ्या हातांकडे पाहत होता. गिटारचे काय झाले, मी विचारले.

"सागवान चांगलं हुतं. व्हॉल्व्हच्या पॅटर्नला वापरलं," तो म्हणाला. "लई वर्सं चालला तो पॅटर्न. अजून बाजारात असतील ते व्हॉल्व्ह."

मी शेवटचे गाणे लावले.

ती ओळ जवळ आली तेव्हा त्याचा उजवा हात काउंटरवर उचलला गेला आणि पूर्वी ते थांबत त्या नेमक्या जागी खाली पडला. एका क्षणाचाही फरक नव्हता. गाणे मात्र पुढे गेले. ओळ पूर्ण झाली. मग तीच ओळ पुन्हा आली, आणखी एकदा आली, मग नुसतीच वाद्ये तेच तेच फिरत राहिली, आणि हळूहळू आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. असे करणे अवघड नसते. रेकॉर्डिंगच्या खोलीतला माणूस एक बटण सावकाश खाली आणतो. बँडला शेवट सुचला नाही की हे करतात.

सुई रेकॉर्डीच्या आतल्या रिकाम्या कडेला लागून खरखरत राहिली.

विलास म्हणाला, "शेवट न्हाईच की ह्याला."

"नाही."

"तुमास्नी ठावं हुतं."

"होतं."

"मग तालमीला आलासा तवा? तुमी ऐकलासा. आमी थांबलाव. काय बोलला न्हाईसा."

मी सुई उचलून ठेवली. म्हणालो, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम तोडलंय."

"मुद्दाम?"

"मूळपेक्षा चांगलं तोडलं होतं."

त्याने आडव्या खुर्चीचे वेष्टन उचलून जवळून पाहिले. मग विचारले, "त्या दिवशी काय म्हणालासा, ध्यानात हाय?"

"बरं आहे, म्हणालो."

"व्हय. तेवढंच म्हणालासा." त्याने चष्मा पुसला. "एवढं तवा म्हणाला असतासा, तर म्या इचारलं असतं की, तोडलं म्हंजे काय? तितंच कळलं असतं. आन कळूनबी तसंच वाजवलं असतं. मग हसू देत की कुणीबी."

मी वेष्टन घेऊन रेकॉर्ड आत घातली.

उठताना त्याने खिशातून ती कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. तीच होती, कार्ड नसलेल्या डबीतली. "टाकून द्या," म्हणाला. मी त्याला रेकॉर्ड नेण्यास सांगितले. ती घेऊन काय करू, असे विचारून तो पायरी उतरला, चप्पल घातली आणि उद्यमनगराच्या बाजूला गेला.

पुण्याचा तरुण दुपारी गाडी घेऊन आला. नम्र होता. त्याने वेष्टने एकेक करून खिडकीच्या उजेडात पाहिली. दोन्ही खुर्च्या त्याला फार आवडल्या. एक दाराजवळ आणि एक आत, कॉफीच्या यंत्रामागे लावीन, असे त्याने सांगितले. मी म्हणालो, त्या शेजारी-शेजारी लावाव्यात. तो म्हणाला, "हो हो अंकल, बघतो." गाडीत भरताना उभी खुर्ची एका खोक्यात गेली आणि आडवी दुसऱ्या.

संपादकांचा प्रश्न सर्वोत्तम जोडीचा आहे. माझे उत्तर खुर्च्या. कोणी वाजवलेल्या, ते मी त्या दिवसाआधी कोणाला सांगितले नव्हते.

मांडणी रिकामी झाली. मी स्पीकर सोडवले, वायर गुंडाळली, दुकान झाडले. काउंटरवर कॅसेट राहिली होती. खणात काही कोरी कार्डे शिल्लक होती आणि दोन्ही पेने होती. एक कार्ड घेऊन मी त्याच्या एका बाजूवर पहिल्या अल्बमाचे नाव लिहिले, दुसऱ्या बाजूवर दुसऱ्याचे, आणि खाली उद्यमनगरच्या तिघांची नावे. काळी शाई अजून चालत होती. कार्ड वाळू दिले, घडीवर दुमडून डबीत बसवले. लाल पेन उघडले नाही. मग शटर ओढून कुलूप लावले.